पहिल्यांदाच लेखनिक म्हणून बसताना

अंध किंवा स्वतः लिहू न शकणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्याचा पेपर त्याच्या सांगण्यावरून लिहून देणारा माणूस म्हणजे लेखनिक. परीक्षांचा हंगाम जवळ आला की महाविद्यालयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो. 'लेखनिक हवा/हवी. टीवायबीए, राज्यशास्त्र, मराठी माध्यम. पेपर तीन तास, जादा वेळ एक तास. अक्षर सुवाच्य असावे.' खाली तारीख, केंद्र आणि एक मोबाइल नंबर. निरोप पुढे पाठवणारे पुष्कळ असतात, 'मी येते' म्हणणारे फार थोडे. मनात असूनही अनेक जण मागे राहतात. अंध माणसाशी बोलायचं कसं, आपल्याला जमेल का, आपल्यामुळे त्याचं वर्ष वाया गेलं तर, अशी धास्ती वाटते. धास्ती वाटावी इतकं हे काम जबाबदारीचं आहेच. पण ते शिकून येतं, आणि थोडी तयारी केली तर पहिल्या पेपरालाही नीट बसता येतं.

काम काय, ते आधी पक्कं करू. प्रश्न वाचून दाखवायचा. विद्यार्थी जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं. त्यानं सांगितलं की लिहिलेलं परत वाचून दाखवायचं. डोळे आणि हात तुमचे, उत्तर मात्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत त्याचं. 'बिचाऱ्याला तेवढीच मदत' असं मनाशी धरून आलेला लेखनिक चांगल्या भावनेनंच उत्तरात लुडबूड करतो आणि त्या विद्यार्थ्याची मेहनत त्याच्याकडून काढून घेतो. खाली जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

हो म्हणण्याआधी

पहिला प्रश्न पात्रतेचा. केंद्र सरकारनं 29 ऑगस्ट 2018 रोजी दिव्यांग परीक्षार्थींच्या लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणत असेल तर लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं, असं त्यात म्हटलं होतं. बारावीच्या मुलाला अकरावीचा लेखनिक चालायचा तो याच तत्त्वानं. पण बोर्ड, विद्यापीठ, बँकेच्या परीक्षा, लोकसेवा आयोग यांचे तपशील वेगवेगळे असतात आणि मधूनमधून बदलतातही. म्हणून त्या परीक्षेचं त्या वर्षीचं परिपत्रक विद्यार्थ्याकडून मागून घ्या आणि स्वतः वाचा. 'मागच्या वर्षी चाललं होतं' हे केंद्रावर कोणी ऐकून घेत नाही.

पदवीधर आहात, निवृत्त शिक्षक आहात, म्हणून बहुतेक परीक्षांना बसता येत नाही, असं होईल. हिरमुसू नका. पाठ्यपुस्तकं आणि नोट्स आवाजात रेकॉर्ड करून देणारी माणसं अंध विद्यार्थ्यांना वर्षभर हवी असतात, आणि तिथे तुमचं शिक्षण आड येत नाही.

दुसरा प्रश्न विषयाचा. विषय येत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. येऊ नये, अशीच तर नियमाची अपेक्षा आहे. पण त्या विषयाचे शब्द कानावर पडल्यावर लिहिता आले पाहिजेत. 'विकेंद्रीकरण', 'द्विगृही', 'सार्वभौमत्व' हे ऐकून तुमचं पेन अडलं तर विद्यार्थ्याची मिनिटं जातात. इंग्रजी माध्यमाचा पेपर असेल तर स्पेलिंग आलं पाहिजे. गणित किंवा संख्याशास्त्र असेल तर चिन्हं ओळखता आली पाहिजेत. हे जमणार नसेल तर आजच सांगा, म्हणजे त्याला दुसरं कोणी शोधता येईल.

तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा: तुम्ही त्या दिवशी नक्की येणार का? ऐनवेळी लेखनिक बदलण्याची सोय 2018 च्या सूचनांत होती. पण पेपर दहाचा आणि सकाळी साडेसातला 'ताई, आज जमत नाहीये, सॉरी' असा मेसेज आला तर काय होतं, याची कल्पना करा. मुलगा वसतिगृहाच्या कॉटवर बसून एकामागून एक नंबर लावतो. कोणी उचलत नाही, कोणाचं शिक्षण नियमात बसत नाही, कोणी मिळालंच तर त्याचे कागद तयार नसतात. वर्षभराचा अभ्यास तिथेच अडतो. मला विचाराल तर वाईट अक्षराचा पण वेळेवर येणारा लेखनिक मोत्यांसारख्या अक्षराच्या बेभरवशाच्या लेखनिकापेक्षा कधीही बरा. खरोखरच आजारी पडलात तर कळल्या क्षणी फोन करा, मेसेज नको, आणि आपल्या ओळखीतला पर्यायी माणूस स्वतः शोधायला लागा.

कागदपत्रं

यात फार डोकं घालायची गरज नाही, पण आदल्या रात्रीवर ठेवू नका. तुमचं ओळखपत्र, फोटो, शिकत असल्याचा बोनाफाइड किंवा गुणपत्रिका, आणि लेखनिकाची माहिती व सही असलेलं हमीपत्र, एवढं बहुतेक ठिकाणी लागतं. विद्यार्थ्याकडे त्याचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असतं. अंधत्व, दोन्ही हातांना बाधा आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्यांना मागितल्यावर लेखनिक मिळावा आणि इतरांनी लिहिता येत नसल्याचं जिल्हा शल्यचिकित्सकांसारख्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र द्यावं, अशी 2018 ची व्यवस्था होती. तुमचे कागद तुम्ही दोन प्रतींत न्या. त्याचे कागद त्याच्याजवळच असू द्या, ते सांभाळायला तुम्ही पालक नाही.

आधी एकदा भेटा

परीक्षेआधी भेट झालीच पाहिजे. संस्थेनं दिलेला लेखनिक दोन दिवस आधी भेटावा, असं 2018 च्या सूचनाही सांगत होत्या. कॉलेजच्या कट्ट्यावर, वाचनालयात, कुठेही चालेल. तेवढंही शक्य नसेल तर फोनवर अर्धा तास काढा.

भेटल्यावर आधी आपलं नाव सांगा. 'ओळखलंस का मला?' असली आवाजाची परीक्षा घेऊ नका. तुम्ही दोघं एकाच वयाचे असाल तर 'अरे-तुरे' आपोआप येईलच; पण समोर स्पर्धा परीक्षेला बसणारा तिशीतला माणूस असेल तर त्याला 'तुम्ही' म्हणा. मोठ्या माणसाला बाळासारखं 'हं, चल, सांग बघू' म्हणणारे लेखनिक मी पाहिले आहेत, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा संयमही. 'बघू', 'पाहिलंस का' हे शब्द चुकून तोंडून गेले म्हणून जीभ चावायची गरज नाही. अंध माणसंही 'काल मॅच बघितली' असंच बोलतात. 'कधीपासून दिसत नाही?', 'ऑपरेशन नाही का होत?' हे मात्र विचारू नका. पेपर लिहायला त्याची गरज नाही.

विचारायचं ते असं. थोडं दिसतं का? अल्पदृष्टी असलेले काही जण मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका स्वतः वाचतात आणि लेखनिक फक्त लिहायला हवा असतो. आधी अख्खा पेपर ऐकायचा आहे, की एकेक प्रश्न? वेळ अर्ध्या तासानं सांगू की विचारल्यावरच? विरामचिन्हं तुम्ही सांगणार की मी घालू? कच्चं काम ब्रेल पाटीवर करणार का? बोलणारा कॅल्क्युलेटर, गणितासाठी टेलर फ्रेम, ब्रेल पाटी, ॲबॅकस ही साधनं 2018 च्या सूचनांनी मान्य केली होती, हे तुम्हालाही माहीत असू द्या, कारण पर्यवेक्षकाला माहीत असेलच असं नाही.

मग एक जुनी प्रश्नपत्रिका काढून एक उत्तर प्रत्यक्ष लिहून पाहा. त्याचा सांगण्याचा वेग आणि तुमचा लिहिण्याचा वेग इथे जुळतो. भेटीत बाकी काही झालं नाही तरी चालेल, ही पंधरा-वीस मिनिटं सोडू नका. जाताना त्याच्याकडून विषयातल्या अवघड शब्दांची, लेखकांच्या आणि विचारवंतांच्या नावांची यादी मागून घ्या आणि घरी दोनदा लिहून काढा.

केंद्रावर

अर्धा-पाऊण तास आधी पोचा. चालताना त्याचा हात धरून ओढू नका आणि मागून ढकलू नका. 'कोपर धरतोस का?' असं विचारा, तो तुमच्या कोपराच्या वर धरेल, तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. पायऱ्या आल्या की नुसतं 'जपून' म्हणून काही कळत नाही. 'वर जाणाऱ्या पायऱ्या आहेत', 'आता संपल्या' असं सांगा. बाकापाशी त्याचा हात बाकाच्या पाठीवर ठेवा, बसायचं तो बघून घेईल. पांढरी काठी त्याला विचारल्याशिवाय उचलून कोपऱ्यात ठेवू नका. बाहेर जाताना 'मी पाणी घेऊन येते' असं सांगून जा, नाहीतर तो रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो.

पर्यवेक्षक बहुधा तुमच्याशीच बोलतील. 'यांचा सीट नंबर काय? यांना पुरवणी हवी का?' अशा वेळी आवाज न चढवता 'सर, त्यांनाच विचारा ना' म्हणा. हे छोटं वाक्य म्हणायला नव्या लेखनिकांना संकोच वाटतो, पण ते म्हणाच. समोर बसलेल्या सज्ञान माणसाविषयी त्याच्या डोक्यावरून बोलणं चालू असतं, आणि त्या खोलीत ते थांबवू शकणारे तुम्हीच असता.

जादा वेळ तासाला किमान वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपराला चार तास. खोलीत आल्या आल्या हे पर्यवेक्षकांशी बोलून नक्की करा. तीन तासांची घंटा झाली की उत्तरपत्रिका ओढून घेणारे अजूनही भेटतात. परिपत्रकाची प्रत जवळ असली की वाद घालत बसावं लागत नाही.

प्रश्न वाचणं ही कलाच आहे

छापील पानावर नजर एका क्षणात किती गोष्टी टिपते, ते दुसऱ्यासाठी वाचायला लागल्यावर कळतं. गुण किती, कंसात काय लिहिलंय, 'कोणतेही दोन' आहे की 'सर्व', 'किंवा' कुठे आहे, हे सगळं आवाजात आलं पाहिजे.

रिकाम्या जागा भरा: जागा नेमकी कुठे आहे तिथे थांबून 'रिकामी जागा' म्हणा. वाक्याच्या शेवटी 'आणि मध्ये एक गाळलेली जागा आहे' असं सांगून उपयोग नाही. जोड्या लावा: 'अ' गट आकड्यांसकट पूर्ण वाचा, मग 'ब' गट, आणि परत मागेल तितक्या वेळा न कंटाळता वाचा, कारण तुम्हाला जे दोन रकाने समोर दिसतात ते त्याला डोक्यात मांडावे लागतात. उताऱ्यावरचे प्रश्न: आधी प्रश्न ऐकायचेत की उतारा, हे विचारा.

'अयोग्य विधान ओळखा' यातला 'अयोग्य' ठळक छापलेला असतो. मग तुम्हीही सांगा, 'अयोग्य, ठळक अक्षरात आहे'. छपाईनं जे दाखवलं ते सांगणं हा वाचनाचाच भाग आहे. मात्र बहुपर्यायी प्रश्नाचे चारही पर्याय एकाच सुरात वाचा. तुम्हाला उत्तर माहीत असेल तर आवाज बरोबर पर्यायावर नकळत रेंगाळतो. आवाजावर जगणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं, आणि मग ते उत्तर त्याचं राहत नाही. घरी कोणाला तरी ऐकवून याचा सराव करा.

गणितात कंस बोलून दाखवावा लागतो. 'ए अधिक बीचा वर्ग' म्हटलं तर वर्ग एकट्या बीचा की दोघांच्या बेरजेचा? म्हणून 'कंस सुरू, ए अधिक बी, कंस पूर्ण, कंसाचा वर्ग' असं वाचा. अपूर्णांक असेल तर 'अंशस्थानी अमुक, छेदस्थानी तमुक, अपूर्णांक संपला'. आकृती किंवा नकाशा आला तर त्याऐवजी पर्यायी प्रश्न दिला आहे का, ते प्रश्नपत्रिकेत आधी शोधा.

लिहिताना

त्याच्या शेजारी, त्याचा आवाज नीट येईल अशा बाजूला बसा. तो बोलेल तसं लिहा. मागे पडलात तर अंदाजानं वाक्य पूर्ण करू नका, सरळ 'थांब' म्हणा. एक सवय फार कामाची आहे: लिहून झालं की शेवटचे दोन-तीन शब्द हळू आवाजात म्हणायचे. तो म्हणतो, 'त्यामुळे ग्रामपंचायतींना आर्थिक अधिकार मिळाले'. तुम्ही लिहून झाल्यावर 'अधिकार मिळाले' एवढंच म्हणता. त्याला कळतं की पेन इथवर आलं, आणि तो पुढचं वाक्य सुरू करतो. तासाभरात दोघांची अशी लय बसते की 'झालं का?' हे विचारावं लागत नाही.

'दिन' की 'दीन', अशी शंका आली तर विचारा. भाषेच्या पेपरात शुद्धलेखनाला गुण असतात, तेव्हा कोणते शब्द तो अक्षर-अक्षर सांगणार हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर प्रत्येक वेलांटीला थांबण्यात पेपर जाईल. वाक्यरचना सुधारू नका. त्याचं 'आणि... आणि... आणि' तुमच्या कानाला खटकलं तरी तसंच लिहा. लांबण वाटली म्हणून छाटू नका. चौथ्या तासाला हात भरून येतो तेव्हा छाटण्याचा मोह होतो; दोन मिनिटं बोटं मोकळी करायला मागा, पण वाक्य खाऊ नका.

पान किती भरलं, हे त्याला दिसत नाही. 'अर्धं पान झालं', 'दीड पान झालं' असं सांगत राहिलात तर पाच गुणांच्या उत्तराला किती बोलायचं याचा त्याला अंदाज येतो. परिच्छेद पाडायचा, अधोरेखित करायचं, पेन्सिलनं समास आखायचा, हे तो सांगेल तसं.

उत्तर चुकतंय हे कळल्यावर

आता खरी कसोटी. तो सांगतो, 'महाराष्ट्र राज्याची स्थापना 1 मे 1956 रोजी झाली.' तुम्हाला पक्कं माहीत आहे, 1960. लिहायचं 1956. 'नक्की?' म्हणायचं नाही, पेन थबकवायचं नाही, सुस्कारा सोडायचा नाही. यातलं काहीही त्याच्या कानातून सुटत नाही. जीव कळवळतो, हे खरं आहे. तरीही लिहायचं 1956.

चांगले गुण पडले की अंध विद्यार्थ्याला एक वाक्य आयुष्यभर ऐकावं लागतं: 'लेखनिकानं लिहून दिलं असेल.' तुम्ही दुरुस्त केलेला एक आकडा त्या वाक्याला खरं करतो, त्याच्यासाठीही आणि त्याच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकासाठी. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. यूपीएससीच्या 2015 च्या परीक्षेत त्यांचा क्रमांक 773 वा होता, पुढच्या परीक्षेत 124 वा आला आणि त्या आयएएस झाल्या. उत्तरपत्रिकेवरचं अक्षर लेखनिकाचं होतं, विद्वत्ता त्यांची होती. हे छातीठोकपणे म्हणता यायला हवं असेल तर लेखनिकाचा हात स्वच्छच लागतो.

तो स्वतः विचारेल, 'ताई, बरोबर आहे ना?' तर 'ते मला सांगता येणार नाही, परत वाचून दाखवते' असं म्हणा. वाचताना पुष्कळदा त्याचं त्यालाच सापडतं. पर्यवेक्षकच मायेनं म्हणाले, 'द्या हो दोन ओळी जास्त लिहून, कोण बघतंय', तर हसून नाही म्हणा. मायाच ती, पण ती त्याला कोणाच्याही बरोबरीनं उभं राहू देत नाही.

बोलायला वेळ लागणारे विद्यार्थी

लेखनिक फक्त अंधांना लागतो असं नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीचे शब्द सावकाश येतात, कधी अस्पष्ट येतात. तिचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. कळलं नाही तर 'कळलं नाही, परत सांग' म्हणा. कळल्यासारखी मान हलवून मनाचं लिहिणं हा तिच्यावर मोठा अन्याय आहे. अशा विद्यार्थिनीसोबत आधीचा सराव दुप्पट करा. कानाला सवय झाली की जे शब्द पहिल्या दिवशी अजिबात लागत नव्हते ते तिसऱ्या दिवशी सहज लागतात.

आणि ज्यांच्याकडे बघून काहीच 'दिसत नाही' असेही असतात. विकास कुमार या यूपीएससीच्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. ठरावीक 40 टक्क्यांच्या दिव्यांगत्वात तो बसत नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला गेला. 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, आणि 2022 मध्ये केंद्रानं अशा परीक्षार्थींसाठी वेगळ्या सूचना काढल्या. तेव्हा 'हा तर धडधाकट दिसतो, याला लेखनिक कशाला?' हा प्रश्न मनात आला तरी तिथेच ठेवा. तो प्रश्न विचारून झालेले कितीतरी जण त्याला तुमच्याआधी भेटलेले असतात.

पेपर संपला की

उत्तरपत्रिका देण्यापूर्वी सीट नंबर, विषय, पुरवण्यांची संख्या त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. प्रश्नक्रमांक नीट पडलेत ना, एखादा उपप्रश्न राहिलाय का, हेही त्याला विचारून तपासा. सह्या झाल्या की त्याला जिथे जायचंय तिथवर सोडा, मग ते गेट असेल, रिक्षाथांबा असेल किंवा मित्रांचा घोळका. घरापर्यंत पोचवण्याचा आग्रह नको. तो रोज एकटा येतो-जातो.

तुम्ही लिहिलेली उत्तरं बाहेर कोणाला सांगायची नाहीत. 'त्याला काहीच येत नव्हतं गं' हे मैत्रिणीलाही नाही. त्याची उत्तरपत्रिका आहे ती. विद्यार्थ्याकडून पैसे घेऊ नका. काही संस्था लेखनिकाला मानधन देतात, ते घ्यायला हरकत नाही.

पुढच्या सत्रासाठी नाव नोंदवणार असाल तर नुसतं 'मी तयार आहे' लिहू नका. शिक्षण कोणतं, कोणत्या वर्षात, कोणत्या भाषा लिहिता, गणित-विज्ञान जमतं का, कोणते वार मोकळे, कोणत्या भागापर्यंत येऊ शकता, हे लिहा. गणित, विज्ञान आणि वाणिज्याच्या पेपरांना लेखनिक मिळायला जास्त मारामार पडते, तेव्हा ते जमत असेल तर पहिल्याच ओळीत सांगा.